मंडळावर सगळ्या तऱ्हेची माणसं घेतली, आता बैठक चालवायची कशी?

अनेरकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या हद्दीवर आमची एक शेतकरी उत्पादक कंपनी आहे. मी तिथं समन्वयाचं काम बघते. संचालकांच्या बैठका मीच चालवते. मला मत नाही. सगळ्यांना बोलतं करायचं, ठरेल ते लिहायचं, एवढंच माझं काम.

कंपनी काढली तेव्हा मंडळावर ५ जण होते. कायद्याला कमीत कमी तेवढे लागतात, म्हणून तेवढेच. पाचही जण खालच्या, तापीकडच्या गावांतले, केळीवाले, एकमेकांच्या लग्नाकार्यात वाढायला उभे राहणारे. चहा यायच्या आत ठराव झालेला असायचा. पण नंतर सभासद वाढले ते वरच्या बाजूने, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांतून. म्हणून तिसऱ्या वर्षी मी आग्रह धरून मंडळ ११ जणांचं करवून घेतलं. जुने ५ राहिले. त्यांच्यात आल्या वरच्या पाड्यावरच्या बचतगटाच्या दोन पावरा आदिवासी ताई, दुसऱ्याची जमीन बटाईने करणारे एक भाऊ, कृषी पदवी घेऊन घरी शेती करणारा एक पोरगा, निवृत्त गुरुजी आणि एक तडवी काका. मला फार आनंद झाला होता. वाटलं, आता निर्णय चांगले होणार.

पहिला मोठा निर्णय होता हरभऱ्याचं ग्रेडिंग मशीन कुठे बसवायचं. अडीच तास चर्चा झाली. हायवेवरच्या गावात बसवायचं ठरलं, एकमताने. पहिल्या हंगामात वरच्या पाड्यांतून जेमतेम चार पिकअप माल आला. आम्हाला वाटलं, लोकांना सवय नाही, येतील हळूहळू. दुसऱ्या हंगामातही तेच. मग मी वर जाऊन ओट्याओट्यावर बसले, आणि तीन गोष्टी कळल्या.

एक. खाली सगळे मोठ्या दाण्याचा डॉलर हरभरा लावतात. मशीनवाल्याने विचारलं, माल कोणता? आमच्यातल्या एकाने सांगितलं, डॉलर. त्याने त्या मापाच्या जाळ्या दिल्या. वर लावतात बारीक दाण्याचा गावठी हरभरा. तो जाळीतून निम्मा खाली पडतो. बटाईवाल्या भाऊंना हे पहिल्या दिवशी जाळी बघताच कळलं होतं.

दोन. वरची निम्मी घरं दिवाळीनंतर गुजरातेत ऊसतोडीला जातात. घरी म्हातारी माणसं राहतात. तीच हरभरा उपटून, झोडून ठेवतात. पोती खाली नेणार कोण?

तीन, आणि हे मला फार लागलं. होळीच्या आदल्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. ऊसतोडीवरून पोरं घरी येतात, नवे कपडे, गूळ, फुटाणे, ढोल, सगळा खर्च त्याच आठवड्यात. त्याआधी हातात रोख पाहिजे. आम्ही पैसे देत होतो आठ दिवसांनी, बँकेत. गावातला व्यापारी ओट्यावर येऊन रोख देत होता, दोन रुपये कमी का होईना.

त्या दोन्ही ताई आणि ते भाऊ त्या अडीच तासांत तिथंच बसले होते. मी भाऊंना विचारलं, तुम्ही बोलला का नाहीत? ते म्हणाले, "ताई, माले कोनी इचारंच नही." खरंच आहे. मी सगळ्यांना मिळून विचारलं होतं, "कोणाला काही बोलायचंय का?" त्यांना कोणीही विचारलं नव्हतं.

त्या बैठकीचं कार्यवृत्त आता वाचते तेव्हा दिसतं, अडीच तासांत जे जे बोललं गेलं ते सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. रस्ता, ट्रक वळायची जागा, थ्री फेज, गोदाम. तेच पाच जणांनी पाच वेळा सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आता अध्यक्ष आप्पा म्हणतात, पाच होतो तेव्हा बरं होतं, अकरा करून काय मिळालं? माणूस वाईट नाही. पहिल्या वर्षी स्वतःची मोटरसायकल गहाण ठेवून त्यांनी बियाणं आणलंय. म्हणून त्यांचा प्रश्न मला टाळता येत नाही.

तीन आठवड्यांनी बैठक आहे. वरच्या बाजूला दुसरं संकलन केंद्र काढायचं की खालचं गोदाम वाढवायचं? पैसा एकाच गोष्टीपुरता आहे. मला विचारायचंय ते हे: वेगवेगळी माणसं एकत्र बसवली की निर्णय खरोखर सुधारतो, की फक्त वेळ लागतो? आणि बैठक चालवणाऱ्याने काय वेगळं करायचं असतं?

---

टेलचा पाटकरी

ताई, मी साक्री तालुक्यातला. आयुष्य पाटाच्या पाण्यात गेलं, पाणी वापर संस्थेत पदाधिकारी होतो. तुझं वाचून माझीच गोष्ट वाचतोय असं वाटलं.

२००५ साली सिंचन व्यवस्थापनाचा कायदा आला. त्यात संचालक मंडळावर हेड म्हणजे पाटाच्या तोंडाचा, मध्य आणि टेल म्हणजे शेवटचा, अशा तिन्ही भागांना सारख्या जागा द्यायचं ठरलं, बायांनाही जागा ठेवल्या. चांगला कायदा. पण आमच्या टेलच्या माणसाला खुर्ची मिळाली तरी तोंड उघडेना. बैठक हेडच्या गावात, देवळात. तो आठ किलोमीटर सायकल मारून यायचा, मागे बसायचा, सही करून जायचा. कागदावर तिन्ही भाग आले, निर्णय मात्र हेडचाच.

आम्ही एकच बदल केला. आवर्तनाचा, म्हणजे पाणी सोडायच्या पाळ्यांचा, कार्यक्रम ठरवायच्या आधी सगळ्या मंडळाने टेलपासून हेडपर्यंत पायी यायचं. उलटं नाही. टेलपासून सुरू करायचं. तिथं तोच माणूस पुढे चालतो, कारण वाट त्याची. कुठं पाट फुटलाय, कुठं कोणी रात्री दगड लावतो, हे तो चालता चालता दाखवतो. त्याला भाषण करावं लागत नाही. हेडच्या पाटलाने पहिल्यांदा कोरडी चारी पाहिली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. त्यानंतरची बैठक वेगळी झाली.

दुसरं सांगतो. आमच्या पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धत शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात एकच पीक, आणि दरवर्षी पिकाची पाळी फिरवायची. पाणी पाटकरी देतो, मालक स्वतः दार उघडत नाही. पण खरी हुशारी मला वेगळीच वाटते. बहुतेकांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत असायची. त्यामुळं "माझा फड विरुद्ध तुझा फड" असं भांडण नीट उभंच राहत नसे. आज ज्या फडाला पाणी कमी, त्यात माझंही शेत आहे आणि तुझंही. पूर्वजांनी माणसं सारखी केली नाहीत, त्यांचे हितसंबंध एकमेकांत गुंतवले. तुमच्या मंडळात असं काही करता येतं का बघ. वरच्या माणसाचा खाली काही जीव गुंतलाय का? खालच्याचा वर?

---

केळीबाग, रावेर

मी दुसऱ्या बाजूने बोलतो, रागावू नका.

केळीचा भाव सकाळी बऱ्हाणपूरहून कळतो. घड कापणीला आला की दोन दिवस थांबता येत नाही. आमच्या गटात १४ जण होते आणि प्रत्येक गोष्ट सगळ्यांना विचारून करायची असं ठरलं होतं. एकदा कोणत्या व्यापाऱ्याला माल द्यायचा ह्यावर रात्री ११ वाजेपर्यंत बसलो, तोवर गाड्या दुसऱ्या गावात लागल्या. घड बागेत पिवळे पडले. त्यानंतर चार चांगली माणसं गट सोडून गेली.

आप्पांचा जीव का मेटाकुटीला येतो ते मला कळतं. रोजचं कामकाज दोघा-तिघांवर सोपवा. अकरा जणांची अक्कल लागते ती एकदा केलं की दहा वर्षं फिरवता येत नाही अशा गोष्टींना. केंद्र की गोदाम हा तसा प्रश्न आहे, हे मान्य. पण महिन्याच्या प्रत्येक खरेदीला तोच घाट घातलात तर ज्यांना बोलतं करायचंय तीच माणसं आधी कंटाळतील. त्या ताईंची मजुरी बुडते बैठकीच्या दिवशी. ती कोण देतं?

---

धुळ्याचा मास्तर

मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना गटाचं मानसशास्त्र शिकवतो. तुमच्या हरभऱ्याची गोष्ट मी वर्गात सांगणार आहे, परवानगी द्याल तर.

तुमच्या बैठकीत जे झालं त्यावर १९८५ मध्ये गॅरोल्ड स्टॅसर आणि विल्यम टायटस या दोघांनी प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांचे छोटे गट केले. काल्पनिक उमेदवारांपैकी एक निवडायचा. उमेदवारांची काही माहिती सगळ्यांना दिली आणि काही माहिती तुकडे करून एकेकालाच दिली. सगळे तुकडे जोडले तर एक उमेदवार उघड चांगला होता. पण गट बोलत राहिले ते सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टींवरच, आणि निवड चुकली. एकट्याजवळचा तुकडा एकट्याजवळच राहिला. याचं कारण सरळ आहे. जी गोष्ट अकरा जणांना माहीत आहे ती निघण्याची शक्यता कितीतरी जास्त. शिवाय ती कोणी बोललं की दहा माना हलतात, बोलणाऱ्याला बरं वाटतं. जी एकालाच माहीत आहे तिला कोण मान डोलावणार? तुमचा "हायवे" पाच वेळा निघाला आणि "जाळी" एकदाही नाही, ते ह्यामुळे.

म्हणजे अकरा जण आणून तुम्ही तुकडे घरात आणलेत. ते जोडायचं काम आपोआप होत नाही. आप्पांना एवढं नक्की सांगता येईल की पाच असते तर जाळीचा तुकडा खोलीतच नसता.

आता "वेगळेपणा चांगला की वाईट" हा प्रश्न. नुसत्या वेगळेपणाचा फायदाही दिसतो आणि तोटाही. २००४ मध्ये डान व्हॅन क्निपेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्याची मांडणी केली. वेगळी माणसं वेगळी माहिती आणतात, ती खोलात जाऊन तपासली तर निर्णय सुधारतो. पण त्याच वेळी "आपले" आणि "ते" असे गटही पडू शकतात, आणि ते पडले आणि कोणाला धोका वाटला की माहिती तपासणंच थांबतं. दोन्ही गोष्टी एकाच खोलीत, एकाच दुपारी घडतात.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वाटते ती हद्दीची. १९९८ मध्ये लाऊ आणि मर्निगन यांनी गटातल्या भेगांबद्दल लिहिलं. जमिनीत भेग असते तशी. वय, लिंग, जात, भाषा, धंदा हे सगळे फरक एकाच रेषेवर येऊन पडले की ती भेग खोल जाते. तुमच्याकडे बघा: खालचे म्हणजे बागायती, म्हणजे डॉलरवाले, म्हणजे वयस्क पुरुष, म्हणजे अहिराणी-गुजरी बोलणारे. वरचे म्हणजे कोरडवाहू, गावठी हरभरा, बाया, पावरी बोलणाऱ्या. सगळ्या रेषा एकावर एक. त्यात तुमचा प्रश्नच "वर की खाली" असा आहे. तो अशा शब्दांत मांडलात तर बैठक सुरू व्हायच्या आधीच दोन बाजू तयार. पाटकरी काकांनी फडाचं जे सांगितलं ते ह्या भेगेवरचंच औषध आहे, मी पुस्तकातून सांगितलं असतं त्यापेक्षा चांगलं.

बैठक चालवताना मी हे करीन. पहिल्या तासात मत मांडायला बंदी. फक्त "मी काय पाहिलंय". केंद्र हवं की गोदाम हे कोणी बोलायचंच नाही. एकदा मत दिलं की माणूस पुढचा वेळ त्याची राखण करतो. दुसरं, कोणाला कशाची माहिती आहे हे सुरुवातीला उघड सांगा. "भाऊंनी गावठी हरभरा वीस वर्षं पिकवलाय, त्याबद्दल त्यांना विचारू." कोण कशातला जाणकार हे सगळ्यांना ठाऊक असलं की एकट्याजवळची माहिती जास्त बाहेर येते, हे स्टॅसर यांच्याच १९९५ च्या कामात दिसलं आहे. तिसरं, बोलण्याआधी प्रत्येकाने गप्प बसून आपापलं लिहायचं आणि मग पाळीपाळीने एकेक मुद्दा. ही रीत डेलबेक आणि व्हॅन डी व्हेन यांनी १९७१ मध्ये मांडली. लिहिता येत नसेल तर आधी घरी जाऊन ऐकून घ्या. आणि अध्यक्षांनी शेवटी बोलायचं. ह्यावर मी अडून बसेन.

एक शेवटचं. २००६ मध्ये सॅम्युएल सॉमर्स यांनी अमेरिकेत नकली ज्यूरी बसवून पाहिल्या, काही फक्त गोऱ्यांच्या, काही गोऱ्या-काळ्यांच्या मिश्र. मिश्र ज्यूरी जास्त वेळ बोलल्या, खटल्यातले जास्त मुद्दे काढले, चुका कमी केल्या. आणि हे फक्त काळ्या सदस्यांमुळे झालं नाही. मिश्र गटात बसल्यावर गोरे सदस्यच जास्त काळजीपूर्वक बोलू लागले. म्हणजे तुमच्या जुन्या पाच जणांकडेही लक्ष ठेवा. नवं काहीतरी तिकडूनही निघेल.

---

धडगावहून

ताई, मास्तरांचं सगळं पटलं. पण एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, ती मी सांगते.

बैठक कोणत्या भाषेत होते?

मी सातपुड्यात वनहक्काच्या ग्रामसभांचं काम करते. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर अशा ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. हे आम्ही करून घेतलं. बाया आल्या, दाराशी बसल्या, अंगठे झाले. चर्चा मराठीत. त्यातही साहेबी मराठी: "उपरोक्त", "सामूहिक", "प्रलंबित". एक बाई मला नंतर म्हणाली, मला समजत होतं, पण समजेपर्यंत पुढचा मुद्दा सुरू व्हायचा. ती मागे नव्हती. तिचं डोकं दोन कामं करत होतं.

मग आम्ही प्रत्येक मुद्द्याला थांबायला लागलो. आधी पावरीत आपसांत बोलू द्यायचं, गोंगाट होऊ द्यायचा, मग कोणीतरी मराठीत सांगायचं. आणि मराठीत सांगणारा माणूस मी कधीच पुरुष पुढारी निवडत नाही. तो बायांच्या बोलण्यातलं स्वतःला हवं ते सांगतो. दोनदा फसलेय मी.

अजून एक, ते मी केलेल्या चुकीतून. एका बैठकीत मी एका ताईंना विचारलं, "आदिवासी महिलांचं ह्यावर काय म्हणणं आहे?" त्यांनी मान खाली घातली. नंतर म्हणाल्या, मला सगळ्या बायांचं काय माहीत? मला माझ्या महुवाचं विचारलं असतं तर सांगितलं असतं. तेव्हापासून मी कोणालाच कोणाच्या वतीने बोलायला सांगत नाही. "तुमच्या घरातून पोतं बाहेर पडतं तेव्हा काय काय होतं, सांगा" असं विचारते. त्यावर गप्प राहणारी बाई मी अजून पाहिली नाही.

रावेरच्या भाऊंचं मजुरीचं म्हणणं अगदी खरं आहे. बैठक भत्ता द्या, आणि त्याच दिवशी हातात द्या.

---

अनेरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. हे वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही, पण ते बरंच झालं. मास्तर, वर्गात जरूर सांगा.

भत्त्याचं लाज वाटण्यासारखं आहे. आमच्याकडे भत्ता आहे, पण तो तिमाहीला एकदम खात्यात जातो. म्हणजे हरभऱ्याच्या पैशाची चूक आम्ही बैठकीतही करत होतो. आप्पांशी बोलले, ते लगेच हो म्हणाले. शेवटी बोलण्याचं मात्र त्यांना आवडलं नाही. "अध्यक्ष असून गप्प बसू?" म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, तुम्ही पहिल्यांदा बोलता आणि मग बाकीचे तुमचंच बोलतात. ह्या वेळी त्यांचं ऐकू या. ते काही बोलले नाहीत. मी त्याला होकार समजतेय.

बैठक वरच्या पाड्यावर शाळेच्या पडवीत ठेवलीय. विषयपत्रिकेवर "वर केंद्र की खाली गोदाम" असं लिहिलं होतं, ते खोडलं. आता लिहिलंय: "हरभरा शेतातून निघाल्यापासून पैसे हातात पडेपर्यंत कुठे कुठे अडतो?"

---

अनेरकाठ

बैठक झाली. सांगायला उशीर झाला, पण नीट सांगते.

आधीच्या आठवड्यात मी अकराही जणांच्या घरी गेले. एकेकाला तोच प्रश्न विचारला, पोतं घरातून निघतं तेव्हा काय होतं. लिहून घेतलं, वाचून दाखवलं, "हे बैठकीत सांगाल ना?" असं विचारलं. दोघांनी सांगितलं, तूच वाच. मी वाचलं.

सकाळी नऊला सगळे खालून पिकअपमध्ये बसून वर गेलो. गाडी ओढ्यापाशी थांबवली आणि तिथून पाड्यापर्यंत सगळे चालत, पाटकरी काकांच्या रीतीने. दीड किलोमीटरसुद्धा नाही. पण आप्पांनी अर्ध्या वाटेवर विचारलं, "पोती इथून डोक्यावर आणता?" एवढंच विचारलं.

पडवीत मी तीन-तीन, चार-चार जणांचे गट केले आणि मुद्दाम मिसळले. एका ताईंबरोबर आप्पा आणि पदवीधर पोरगा, दुसऱ्या ताईंबरोबर गुरुजी आणि केळीवाले दोघे, आणि बाकीचे एकत्र. पावरीतून सांगायला वरच्याच अंगणवाडीच्या सेविका आल्या होत्या. पहिला एक तास मत नाही, फक्त पाहिलेलं. हे पाळायला फार जड गेलं. चार वेळा कोणीतरी "म्हणून मी म्हणतो" असं सुरू केलं आणि मला थांबवावं लागलं. एकदा मला स्वतःलाच थांबवावं लागलं.

मास्तर, तुम्ही म्हणालात ते शब्दशः झालं. सगळ्यात मोठी गोष्ट निघाली ती जुन्या पाचांतून. गोदामाच्या किल्ल्या ज्यांच्याकडे असतात ते नाना म्हणाले, एप्रिल संपला की दिवाळीपर्यंत गोदाम निम्मं रिकामं असतं. पोती मोजायला मीच जातो. इतकी वर्षं ते बोलले नव्हते, कारण गोदाम वाढवा असं म्हणणारे त्यांचेच भाऊबंद. मी पूर्वी कधी त्यांच्याकडे "वेगळा माणूस" म्हणून बघितलंच नव्हतं. पाच जणांना मी एकच गठ्ठा समजत होते. ही चूक माझी.

आणि दुसऱ्या बाजूनेही तसंच. मला खात्री होती की वरच्या दोन्ही ताई वर केंद्र मागणार. मोठ्या ताईंनी सांगितलं, केंद्र इथं नको. ऊसतोडीच्या दिवसांत पाड्यावर माणूस नसतो, राखण कोण करणार? चोरी झाली तर नाव आमच्या पोरांवर येईल. धाकट्या ताईंना मात्र केंद्र हवंच होतं, आणि त्या दोघी पावरीत एकमेकींशी चांगल्या तावातावाने बोलल्या. सगळे शांत बसून ऐकत होते, न कळता. सेविकाताईंनी दोघींचं म्हणणं वेगवेगळं सांगितलं, एकत्र करून नाही. त्या क्षणी वर आणि खाली अशी रेषच राहिली नाही.

मग मुद्दे फळ्यावर लिहिले आणि प्रत्येकाला हरभऱ्याचे दहा-दहा दाणे दिले, सगळ्यात जास्त कुठे अडतं त्या मुद्द्यासमोर ठेवायला. सगळ्यात जास्त दाणे पडले "पैसे उशिरा" ह्यावर, त्याखाली जाळी, त्याखाली वाहतूक. गोदामासमोर सहा दाणे. केंद्रासमोर नऊ.

ठरलं ते असं. ह्या वर्षी केंद्रही नाही, गोदामही नाही. भोंगऱ्याच्या आधीचे तीन आठवडे पिकअप वजनकाटा घेऊन पाड्यांवर फिरणार, ठरलेल्या वारी, आणि पैसे त्याच दिवशी. गावठी हरभऱ्याच्या जाळ्यांचा वेगळा संच घ्यायचा. पिकअपबरोबर एक माणूस खालचा आणि एक वरचा, दोघांच्या सह्यांशिवाय पावती नाही. उरलेला पैसा पुढच्या वर्षापर्यंत बँकेत. धाकट्या ताईंचा आणि केळीवाल्या एका काकांचा विरोध कार्यवृत्तात त्यांच्या शब्दांत लिहिला, ताईंचा पावरीत आणि मराठीत दोन्ही.

आप्पा शेवटी बोलले. त्यांनी पिकअपच्या डिझेलचा हिशेब विचारला, जो कोणीच केला नव्हता. पदवीधर पोराने तिथंच बसून केला. पाड्यांचा क्रम बदलला तर रोजच्या दोन फेऱ्यांची एक होत होती.

साडेतीन तास लागले. रावेरच्या भाऊंना सांगायला हवं, दोघे जण मधूनच उठून गेले, कापणी होती म्हणून. त्यांच्यासाठी मी संध्याकाळी परत घरी गेले. रोजच्या खरेदीसाठी तिघांची समिती नेमायचा ठराव पुढच्या बैठकीत ठेवतेय. तुमचं म्हणणं आप्पांना वाचून दाखवलं तेव्हा त्यांना फार बरं वाटलं.

भत्ता उठताना हातात दिला. मोठ्या ताईंनी मोजला आणि सांगितलं, पुढची बैठक सोमवारी नको, सोमवारी बाजार असतो. इतकी वर्षं आमच्या सगळ्या बैठका सोमवारी होत होत्या.

पुढची गुरुवारी आहे. जाळ्या मागवल्या आहेत. दाण्याचं माप भाऊंनी स्वतः मशीनवाल्याला दिलं, घरचा मूठभर हरभरा रुमालात बांधून नेऊन.

---

धडगावहून

सेविकाताईंनाही भत्ता दिलात ना?

---

अनेरकाठ

नाही दिला. उद्या सकाळी वर जातेय, घेऊन जाते.